इलेक्ट्रिक गाडीने पहिला घाट

इलेक्ट्रिक गाडी रोजच्या कामाला वापरणे वेगळे आणि तिच्या भरवशावर लांबच्या प्रवासाला निघणे वेगळे. पहिल्या मोठ्या प्रवासासाठी मी मुद्दाम असा रस्ता निवडला, ज्यात आधी मोकळा महामार्ग आणि पुढे सुमारे 600 मीटर उंची गाठणारा घाट होता.

महामार्गावर वेगाची किंमत प्रथमच नीट कळली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटरने जाताना तो दीडपटीहून अधिक होतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडते, पण तिथे इंधनाचा मोठा भाग एरवीही उष्णता होऊन वाया जात असल्याने हा फरक इतका टोचत नाही. इथे मात्र पडद्यावरची उरलेली रेंज डोळ्यांदेखत घटते आणि वेग उतरवला की सावरते.

घाट चढताना गिअर बदलणे नाही, इंजिनाची घरघर नाही. अवघड वळणावर गाडी जवळजवळ थांबली, तरी अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबताच पूर्ण जोर तत्क्षणी मिळतो, आणि खिडकी उघडी असेल तर टायरखाली खडी करकरल्याचेही ऐकू येते. जवळपास दोन टनांची गाडी एवढ्या उंचीवर न्यायची, तर केवळ चढासाठीच सव्वातीन युनिट वीज लागते, तेव्हा टक्केवारी झरझर उतरणारच.

माथ्यावर फास्ट चार्जिंगची सोय होती, पण मी 80 टक्क्यांवरच थांबलो. त्यापुढे चार्जिंगचा वेग बराच मंदावतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बॅटरी काठोकाठ भरलेली असली की उतारावर तयार होणारी वीज साठवायला जागाच उरत नाही व रीजन, म्हणजे वेग आवरताना मोटारने वीज परत बनवणे, कमी होते.

परतीचा उतार हा माझ्या मते या गाडीचा सर्वांत देखणा गुण. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल केला की मोटारच जनित्र होते, गाडीचा वेग आवरते आणि वीज बॅटरीकडे परत पाठवते. पाय किती उचलायचा याचा अंदाज काही वळणांतच बसला आणि ब्रेकला क्वचितच हात, किंबहुना पाय, लावावा लागला. चढताना खर्चलेले सगळे परत मिळत नाही, कारण घर्षण आणि रूपांतर आपला वाटा घेतातच. तरीही पायथ्याशी पोचलो तेव्हा बॅटरी माथ्यावरच्यापेक्षा दोन टक्क्यांनी अधिक भरलेली होती.