तुम्ही विचारलेत म्हणून: आमच्या ओढ्यावर वीज होईल का?

मी लहान जलविद्युत संचांचे काम करतो हे कळले की सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीचा माणूस हमखास विचारतो, "आमच्या ओढ्यावर गावापुरती वीज होईल का?" सोबत धबधब्याचा व्हिडिओ असतो, आणि तो हटकून श्रावणातला असतो. वैशाखात त्याच जागी उभे राहून पुन्हा एकदा व्हिडिओ काढा, एवढेच मी आधी सांगतो.

हिशेब अवघड नाही. सेकंदाला किती लिटर पाणी मिळते आणि ते किती मीटर खाली उतरते, या दोन आकड्यांच्या गुणाकाराला पाचाने गुणले की लहान संचातून किती वॉट मिळतील याचा अंदाज येतो. (गणिताने दहाच्या जवळपास गुणायला हवे, पण जवळजवळ निम्मी शक्ती नळात, टर्बाइनमध्ये आणि जनित्रात खर्ची पडते.) सेकंदाला 20 लिटर पाणी 30 मीटर उतरत असेल तर 3,000 वॉट, म्हणजे घरटी 100 वॉट धरले तर तीस घरे. उंची गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने टप्प्याटप्प्याने मोजता येते, आणि ओढा लहान असेल तर प्रवाह मोजायला बादली व घड्याळ पुरते. सह्याद्रीत उंचीला तोटा नाही; अडते ते पाण्यापाशी. चार महिन्यांचा पाऊस कातळावरून वाहून जातो आणि होळीच्या सुमारास अनेक ओढ्यांत नुसती डबकी उरतात. बर्फ वितळून उन्हाळ्यातही वाहणाऱ्या हिमालयातल्या ओढ्यांचे दाखले म्हणूनच इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

तरीही महाराष्ट्रात हे घडलेले आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीतल्या बिलगावला 2003 मध्ये केरळमधील पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या अभियंत्यांनी, नर्मदा बचाव आंदोलनाच्या साथीने आणि आदिवासी गावकऱ्यांच्या श्रमदानातून, उदई नदीवर 15 किलोवॉटचा संच उभारला आणि पाड्यापाड्यांवर दिवे लागले. शहरातली दहाएक एसी यंत्रे खातील एवढीच ही वीज. 2006 च्या पावसाळ्यात तो प्रकल्प सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली गेला. पाणी, उतार, माणसे, सगळे जुळून आले होते. बुडाला तो प्रकल्पाच्या कोणत्याही दोषामुळे नव्हे.

आता बहुतेक गावांत तारा पोहोचल्या आहेत आणि सौर पॅनेल स्वस्त झाले आहे. म्हणून केवळ ओढ्याच्या भरवशावर वर्षभर गाव उजळण्याचा सल्ला मी सह्याद्रीत सहसा देत नाही. मात्र जून ते सप्टेंबर या काळात, जेव्हा ढगांमुळे पॅनेल मंदावते आणि झाड पडून तारा तुटल्या की कित्येक दिवस अंधार राहतो, नेमका तेव्हाच ओढा भरून वाहत असतो. पावसाळ्याला ओढा आणि एरवी ऊन, अशी जोडी मला व्यवहार्य वाटते.

यंत्राची काळजी मला फारशी नसते. रात्री गावाने दिवे मालवले की भार उतरून टर्बाइन बेफाम फिरू लागते, पण शिल्लक वीज पाणी तापवण्याकडे वळवणारा नियंत्रक बसवला की तो प्रश्न सुटतो. संच बंद पडलेले मी पाहिले ते बहुधा पाट गाळाने भरल्यामुळे आणि जाळी पालापाचोळ्याने तुंबल्यामुळे. त्यामुळे मोजमाप झाल्यावर माझा उलट प्रश्न असतो: भर पावसात रोज पहाटे पाटावर जाऊन ती जाळी कोण साफ करणार, आणि त्याला गाव महिन्याला काय देणार? ते ठरवून कळवा, मी नळी घेऊन येतो.