तुम्ही विचारलंत म्हणून: मासेमारीच्या जहाजावर तोफ कशासाठी?

इंग्लंडच्या हल किंवा ग्रिम्सबी बंदरातल्या जुन्या वाफेच्या ट्रॉलरचा, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मासेमारी जहाजाचा, फोटो पाहिला की बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. जहाज मासेमारीचं, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मात्र तोफ. पाठोपाठ दुसरा प्रश्नही ठरलेला: ब्रिटनचं नौदल एवढं मोठं, मग त्यांना कोळ्यांच्या जहाजांची गरज का पडली?

खरं तर तोफ हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. नौदलाला जे हवं होतं ते तोफेच्या मागे, डेकवर होतं. दोर गुंडाळणारा, वाफेवर चालणारा विंच, शेकडो वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पोलादी दोर, आणि तो दोर पाण्याखालून ओढत नेताना खाली काय चाललंय हे वरून ओळखणारी माणसं. ती नौदलाला हवी होती शत्रूने समुद्रात पेरलेले पाणसुरुंग काढायला. पाणसुरुंग काढणं म्हणजे एका अर्थाने ट्रॉलिंगच, म्हणून आधी मासेमारी कशी चालायची ते सांगायला हवं.

ट्रॉल म्हणजे समुद्राच्या तळावरून ओढायचं पिशवीसारखं जाळं. सुरुवातीला त्याचं तोंड उघडं ठेवायला एक लांबलचक लाकडी वासा आडवा बांधत. 1894 मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँटन बंदरात ऑटर बोर्ड आले आणि वासा गेला. हे बोर्ड म्हणजे लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या जाड लाकडी फळ्या, घराच्या दारापेक्षा मोठ्या. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. पतंगाची कन्नी जशी तिरकी बांधतात तशी यांची साखळी तिरकी लावलेली असते. जहाज पुढे गेलं की पाण्याच्या दाबाने एक फळी डावीकडे जाते, दुसरी उजवीकडे, आणि जाळ्याचं तोंड आपोआप ताणलं जातं. जाळ्याचं शेपूट म्हणजे कॉड एंड, आपल्याकडे डोलजाळ्यात ज्याला खोला म्हणतात तेच.

सगळं काम जहाजाच्या एका कुशीवरून. पुढे एक आणि मागे एक अशा लोखंडी कमानी असत, त्यांना गॅलोज म्हणत. विंचवरून सुटलेला दोर त्या कमानीतल्या कप्पीवरून पाण्यात जाई. उथळ पाण्यात खोलीच्या तिप्पट दोर सोडायचा, पाणी खोल होत गेलं की हे प्रमाण कमी करायचं. दोर कमी पडला तर बोर्ड तळ सोडून वर उचलले जातात. जास्त झाला तर ते आडवे पडतात, चिखलात रुततात, आणि जाळ्याचं तोंड मिटतं. दोन्ही दोर मागच्या बाजूला एका आकड्याच्या कप्पीत एकत्र अडकवत, म्हणजे ते जहाजाच्या पंख्यापासून लांब राहतात. मग ताशी तीन-चार सागरी मैलांनी साधारण तीन तास ओढ.

जाळं वर घ्यायची वेळ आली की पहिला धोका त्या कप्पीपाशी. आकडा ठोकून सोडला की ताणलेले दोन्ही दोर एकदम बाहेर उसळतात. दोराच्या आतल्या बाजूला उभा असलेला माणूस मेला किंवा पाय गमावून बसला असं अनेकदा झालं आहे. त्यानंतर जहाज वाऱ्याला आडवं धरायचं. जाळं असलेली कूस वाऱ्याकडे, म्हणजे जहाज जाळ्यापासून दूर ढकललं जातं आणि जाळं जहाजाच्या बुडाखाली जात नाही. बोर्ड कमानीपाशी आले की साखळीने जखडायचे, जाळं हातांनी ओढून घ्यायचं, आणि शेवटी खोला कप्पीने उचलून डेकवर टांगायचा. त्याच्या खालच्या तोंडाला एक विशिष्ट गाठ असते. भरलेल्या खोल्याखाली वाकून एकाने दोरी खेचायची, एका झटक्यात गाठ सुटली पाहिजे आणि मासळी धबाधब डेकवरच्या कप्प्यांत पडली पाहिजे. हीच गाठ सैल बांधली गेली तर ती समुद्राच्या तळाशी सुटते आणि तीन तासांची ओढ रिकामी येते. एवढ्याशा दोरीवर सगळ्यांचं पोट अवलंबून असायचं, कारण स्किपर (कप्तान) आणि मेट (त्याचा दुय्यम) यांना पगार नसे, विक्रीतला वाटा असे. फेरी तोट्यात गेली तर हातात काहीच नाही.

आणि जाळं बुडालेल्या जहाजाला किंवा खडकाला अडकलं तर? तर विंचचा ब्रेक ताबडतोब सैल करायचा. तो धरून ठेवला की जहाज स्वतःच्याच दोराने मागून खाली खेचलं जातं आणि लाटा डेकवर चढतात. दोर सोडत जहाज फिरवायचं आणि उलट्या दिशेने ओढून पाहायचं. ही समज पुस्तकातून येत नाही. दोराचा थरथराट आणि विंचचा आवाज यांवरून ती येते, आणि पुढे लढाईत नेमकी हीच कामी आली.

या जहाजांचा नमुना म्हणून मी नेहमी व्हायोलाचं नाव घेतो. 1906 मध्ये बेव्हर्लीच्या कुक, वेल्टन अँड जेमेल यांच्या गोदीत ती बांधली. तिथली नदी इतकी अरुंद की जहाजं आडवी, कुशीवरून पाण्यात सोडत. मालक हलचे हेलियर, ते आपल्या जहाजांना शेक्सपिअरच्या पात्रांची नावं द्यायचे. व्हायोला 'बॉक्सिंग फ्लीट'मधली होती. या ताफ्यातली जहाजं पाच-सहा आठवडे उत्तर समुद्रातच राहत. मासळी रोज पेट्यांत भरायची, छोट्या वल्ह्याच्या होडीत घालायची आणि उसळत्या समुद्रात जलद वाहक जहाजाला नेऊन द्यायची, ते ती लंडनच्या बिलिंग्जगेट बाजारात पोचवी. या होडीच्या कामात फार माणसं बुडाली. बाजारात ताजी मासळी हवी म्हणून एवढी माणसं गेली, याची खंत मला आजही वाटते.

शांततेच्या काळातही लढाई त्यांच्यापर्यंत आली. 21 ऑक्टोबर 1904 च्या रात्री जपानकडे निघालेल्या रशियन आरमाराने उत्तर समुद्रातल्या डॉगर बँक या उथळ भागात हलच्या ट्रॉलरना जपानी टॉर्पेडो बोटी समजून गोळीबार केला. क्रेन नावाचा ट्रॉलर बुडाला, माणसं मेली. पण ब्रिटिश नौदलाने धडा घेतला तो त्या रशिया-जपान युद्धातल्या पाणसुरुंगांवरून. ते स्वस्त असतात आणि मोठमोठ्या युद्धनौका एका क्षणात बुडवतात. 1907 मध्ये ॲडमिरल लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांनी या कामाला ट्रॉलर घ्या असं सुचवलं, पुढच्या वर्षी अँडीज आणि अल्गोमा या दोन ट्रॉलरवर चाचण्या झाल्या, आणि मग मच्छीमारांची खास राखीव तुकडी उभी राहिली. त्यात 'स्किपर' हा नौदलाचा रीतसर हुद्दा झाला.

आता सुरुंग. त्या काळचा नेहमीचा सुरुंग म्हणजे स्फोटक आणि हवा भरलेला लोखंडी गोळा, तळाशी पडलेल्या वजनाला तारेने बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवलेला. त्यावर शिशाची शिंगं, प्रत्येक शिंगात आम्लाची काचनळी. जहाज घासलं की शिंग वाकतं, नळी फुटते, आम्लाने आतली बॅटरी चालू होते आणि स्फोट होतो.

तो काढायला दोन ट्रॉलर साधारण पाचशे यार्ड अंतर ठेवून शेजारी शेजारी चालत. मध्ये पोलादी दोर, आणि तो खोल राहावा म्हणून प्रत्येकाच्या मागे 'काइट' नावाचा जड लाकडी सांगाडा. तत्त्व ऑटर बोर्डाचंच, फक्त हा बाजूला न ढकलता खाली दाबतो. दोर सुरुंगाच्या तारेला भिडतो, तिला घासत नेतो, तार तुटते, सुरुंग वर तरंगतो. मग दुरून बंदुकीने गोळ्या घालायच्या. शिंगाला लागली तर स्फोट, नुसती भोकं पडली तर पाणी भरून बुडतो. जाळं ओढायला बनवलेलं हे जहाज कमी वेगात जोर लावण्यासाठीच होतं, त्यामुळे दोर ओढणं त्याला अवघड नव्हतं.

अवघड होतं ते त्याचं बूड. ट्रॉलर मागच्या बाजूला चौदा-पंधरा फूट पाण्यात असतो. सुरुंगाची तार ठरावीक लांबीची, म्हणून ओहोटीला पाणी उतरलं की सुरुंग पृष्ठभागाजवळ येतो आणि जहाजाच्या बुडाला लागतो. त्यामुळे शक्यतो भरतीच्या आसपास काम करायचं, आणि मागच्या जोडीने पुढच्या जोडीच्या साफ झालेल्या पट्ट्यातच चालायचं. तरीही पहिली जोडी न साफ केलेल्या पाण्यातच जाते, तिला कोणाचाच आडोसा नाही. डिसेंबर 1914 मध्ये जर्मन क्रूझर कोलबर्गने स्कारबरोसमोर पेरलेले सुरुंग काढताना हे सगळे धोके एकाच वेळी समोर आले. दुसरा धोका दोर गुंडाळताना. काइटमध्ये गुंतलेला सुरुंग दोराबरोबर थेट स्वतःच्याच जहाजामागे वर येतो. अशा वेळी विंच थांबवून दोर सोडून द्यायचा असतो, आणि त्यासाठी विंचवाल्याला एखाद-दुसराच क्षण मिळतो. पुढे एकाच जहाजाने ओढायची पद्धत निघाली, तिला ज्या ट्रॉलरवर चाचण्या झाल्या त्याचंच नाव मिळालं: ओरोपेसा.

मच्छीमारांची जहाजं पुरेनात तेव्हा नौदलाने कासल, मर्सी आणि स्ट्रॅथ अशा तीन नमुन्यांचे ट्रॉलर स्वतः बांधून घेतले. त्यांना नावं दिली ती ट्रफाल्गरच्या लढाईतल्या व्हिक्टरी आणि रॉयल सॉव्हरिन या नौकांवरच्या साध्या खलाशांची. हा निर्णय मला मनापासून आवडतो.

दुसऱ्या महायुद्धात मासे ठेवायच्या जागेत माणसांच्या झोपण्याची सोय झाली, बुडाखाली पाणबुडी शोधणारं ॲस्डिक बसलं, मागे डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, आले. या ट्रॉलरवरच्या नौदल सेवेचं मुख्य ठाणं म्हणजे इंग्लंडच्या लोस्टॉफ्टची स्पॅरोज नेस्ट ही बाग. 4 ऑक्टोबर 1941 ला हलच्या लेडी शर्लीने कॅनरी बेटांतल्या टेनेरिफच्या बाजूला यू-111 ही आपल्याहून मोठी जर्मन पाणबुडी वर यायला लावून बुडवली. कैदी 44, ट्रॉलरवरच्या माणसांपेक्षा जास्त. डिसेंबरात जिब्राल्टरजवळ लेडी शर्लीही सर्व माणसांसह गेली. लोस्टॉफ्टच्या स्मारकावर 2,385 नावं आहेत, समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या माणसांची.

आपल्याकडचा धागाही आहे. त्याच युद्धात रॉयल इंडियन नेव्हीसाठी बॅसेट नमुन्याचे ट्रॉलर हिंदुस्थानातल्या गोद्यांत बांधले गेले, त्यांत नाशिक आणि बेरार ही नावं होती. त्याआधी 1921-22 मध्ये मुंबई सरकारने विल्यम कॅरिक हा वाफेचा ट्रॉलर आणून इथल्या समुद्रात ट्रॉलिंग करून पाहिलं. खर्च भरून निघेना, म्हणून ते थांबलं.

'मग युद्ध संपल्यावर ही माणसं सुटली असतील?' असंही विचारतात. नाही. युद्धानंतर कितीतरी वर्षं जाळ्यात माशांऐवजी सुरुंग येत राहिले. आणि बर्फ होताच. आइसलंडच्या उत्तरेला कडाक्याच्या थंडीत लाटेचा प्रत्येक शिंतोडा दोरांवर, डोलकाठीवर, जहाज चालवायच्या खोलीवर गोठतो. वजन वर वाढत जातं, जहाज कलंडलं की सरळ व्हायला वेळ लावतं, आणि एकदा सरळ होतच नाही. उपाय एकच, कुऱ्हाडी घेऊन तासन्तास बर्फ फोडत राहायचं. 26 जानेवारी 1955 ला हलच्या लोरेला आणि रॉडेरिगो तशाच गेल्या. संकटातल्या दुसऱ्या ट्रॉलरला शोधायला त्या गेल्या होत्या. दोन्ही जहाजांवर मिळून 40 माणसं होती, एकही वाचला नाही.

व्हायोला मात्र टिकली. 1914 मध्ये ती नौदलात गेली, 1918 मध्ये यू-बी-30 आणि यू-बी-115 या पाणबुड्या बुडवणाऱ्या तुकड्यांत होती. मग नॉर्वेत व्हेलच्या शिकारीला, दिआस या नव्या नावाने, आणि तिथून अर्जेंटिनाच्या कंपनीकडे. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या ग्रिटव्हिकेनमध्ये ती अजून किनाऱ्याला टेकून आहे, आणि 1906 मध्ये हलच्या एमोस अँड स्मिथने बनवलेलं तिचं वाफेचं इंजिन आत जागच्या जागी आहे. तिला हलला परत आणायचे प्रयत्न चालू आहेत.