मण्यार चावली तरी मेंदू जागाच असतो

पावसाळ्यात मुंबईतल्या आरे, मुलुंड, भांडुपच्या डोंगरालगतच्या वस्त्यांमध्ये जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार या विषारी सापाचा धोका जास्त. ती रात्री चावते. दात इतके बारीक की खूण सापडेलच असं नाही, सूज जवळपास नसते, दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात आणि घरचे अ‍ॅसिडिटीची गोळी देतात. पापण्या मिटायला लागतात, एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळवत नाही, तोवर बरेच तास वाया गेलेले असतात.

हे विष नेमकं कुठे काम करतं ते कळलं, तर पुढचं सगळं उलगडतं. बोट हलवायचं मेंदूने ठरवलं की तो संदेश मणक्यातल्या चेतापेशीपर्यंत येतो. एरवी या पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा फरक ५५ च्या आसपास उतरला की सोडियमच्या वाहिन्या उघडतात, सोडियम आत शिरतं आणि विजेची लाट चेतातंतूवरून सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने स्नायूकडे जाते. पण स्नायूच्या अलीकडे सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते आणि ती विजेला ओलांडता येत नाही. तिथे अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन लागतं. लाट पोचताच तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरतं, अ‍ॅसिटिलकोलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या फटीत रिकाम्या होतात, ते रेणू पलीकडे स्नायूवर असलेल्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतात आणि स्नायू आकसतो. उरलेलं अ‍ॅसिटिलकोलिन एक विकर (एन्झाइम) लगेच तोडून टाकतं.

मण्यारचं विष मुख्यतः अलीकडचं टोकच उद्ध्वस्त करतं. पिशव्या संपतात, नव्या भरत नाहीत. नागाचं विष पलीकडच्या ग्राहींवर ठाण मांडतं. म्हणून नागदंशात ते विकर रोखणारं निओस्टिग्मिन (सोबत अ‍ॅट्रोपिन) बऱ्याचदा उपयोगी पडतं: फटीतलं अ‍ॅसिटिलकोलिन वाढतं आणि ग्राहींवर जागा मिळवतं. मण्यारच्या दंशात वाढवायला मुळात साठाच नसतो. प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरची लस, तीही रक्तात फिरणारं विष निकामी करते, मोडलेलं टोक दुरुस्त करत नाही. ते टोक परत उगवायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वास यंत्रावर चालवावा लागतो. म्हणून उशीर महाग पडतो.

लक्षणं उशिरा दिसण्यामागेही कारण आहे. चेतातंतू आणि स्नायूच्या निरोगी जोडणीत गरजेच्या कितीतरी पट अ‍ॅसिटिलकोलिन सुटतं, त्यामुळे बरंचसं नुकसान होईपर्यंत ताकद टिकून दिसते. पापण्या आणि डोळ्यांच्या स्नायूंना ही शिल्लक कमी, म्हणून ते आधी पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रक्तातले बरेच पदार्थ मेंदूत शिरू न देणारा एक पडदा असतो; हे विष सहसा त्यापलीकडे जात नाही. प्राणवायू कमी पडला नसेल, तर आतल्या सुमारे ८६०० कोटी चेतापेशी एकमेकींशी नेहमीसारख्याच बोलत असतात. माणूस ऐकतो, घाबरतो, वेदना भोगतो. फक्त पापणीसुद्धा हलवू शकत नाही. बाहुल्या विस्फारून प्रकाशाला दाद देईनाशा होतात, आणि ते मेंदूमृत्यूचं चित्र वाटू शकतं. अशा वेळी कुणी आशा सोडणं ही घातक चूक आहे. यंत्रावरच्या रुग्णाशी बोलावं, आज वार कोणता, काय चाललंय ते सांगावं, त्याच्यासमोर त्याच्या मरणाची चर्चा करू नये, आणि वेदनाशामक व झोपेचं औषध पुरेसं चालू आहे ना हे डॉक्टरांना विचारावं.

दंशाचा नुसता संशय असला तरी अंग हलवू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा, जखम कापू किंवा चोखू नका, दोरी आवळू नका. १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष आणि श्वसनयंत्र असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्या. वाटेत पापण्या मिटू लागल्या तर ती वेळ लिहून ठेवा. मूल असेल तरी प्रतिसर्पविषाची मात्रा मोठ्यांइतकीच लागते, सहसा सुरुवातीला ८ ते १० कुप्या, कारण साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही.