गाडी साठच्या वर जाईना

ज्याला ज्याला सांगितलं की ट्रकला जुना ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आम्ही डब्बाच म्हणतो) आणून बसवला, त्याने एकच विचारलं, कितीत पडला? हा डब्बा आधी कोणत्या गाडीत होता हे कोणीच नाही विचारलं. मलाही तेव्हा सुचलं नव्हतं, आणि त्याच्यातच सगळा घोळ झाला.

गाडी आमची दहा टायरी, 2017 चं मॉडेल, बीएस-4. नोव्हेंबर म्हणजे नागपूरच्या कळमना मार्केटला आंबिया बहाराच्या संत्र्याची गर्दी, हैदराबादचं भाडं पक्कं झालेलं, आणि आदल्या दिवशी मामा (आमचे ड्रायव्हर, सगळेच त्यांना मामा म्हणतात) म्हणाले फाळक्याचा कब्जा तुटला, वेल्डिंग मारून घेऊ. वाडीला रस्त्याच्या कडेलाच लावली गाडी. पाच मिनिटांचं काम. वेल्डरने अर्थिंगचा चिमटा पार कॅबिनजवळ चेसीला लावला, काम मागे फाळक्यावर, बॅटरीचे टर्मिनल काढायचं ना त्याला सुचलं ना आम्हाला. झाल्यावर मामाने सेल्फ मारला तर सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन काही पकडत नाही, आणि चावी फिरवल्यावर मीटरमध्ये चेक इंजिनचा दिवा लागतो नं, तो लागतच नाही.

वेल्डिंगचा करंट शंभराच्या वर अँपिअर असतो आणि त्याला चिमट्याकडे परत जायला रस्ता पाहिजे. चिमटा लांब असला की तो चेसीतून जाता जाता अर्थिंगच्या तारांतून ईसीएममध्ये पण घुसतो. हे नंतर समजलं. त्या दिवशी फक्त एवढं समजलं की संत्रा दुसऱ्याच्या गाडीत चढून गेला.

उस्ताद (आमचे मिस्त्री) आले. आल्या आल्या डब्बा गेला म्हणाले नाहीत, हे मला आवडलं, कारण अर्धे मिस्त्री स्कॅनर लागला नाही की डायरेक्ट ईसीएमवरच बोट ठेवतात. त्यांनी आधी फ्यूज पाहिले, मेन रिले बदलून पाहिला, मग ईसीएमचं सॉकेट काढून त्याच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर 24 व्होल्टचा बल्ब लावला. म्हणलं मीटर आहे नं तुमच्याजवळ, तर म्हणे सडलेल्या तारेवर पण मीटर 24 दाखवतं, बल्ब मात्र मिणमिण करतो. बल्ब चांगला लख्ख पेटला. मग बॅटरी काढून स्कॅनरच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 नंबरच्या मधात ओम मोजले, 60 आले, म्हणजे कॅनच्या तारा (ज्यांच्यावरून गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात) ठीक. शेवटी डब्बा परत लावून, चावी चालू करून रेल प्रेशर सेन्सरच्या (डिझेलचा दाब मोजतो तो) प्लगमध्ये 5 व्होल्ट पाहिले. शून्य. हे 5 व्होल्ट ईसीएमच देतो. "भैया, डब्बा गया."

नव्याचं कोटेशन गाडीच्या कर्जाच्या दोन हप्त्यांपेक्षा जास्त, वरून ऑर्डर देऊन वाट पाहा. म्हणून दिल्लीच्या मायापुरीतून, जुन्या पार्ट्सच्या बाजारातून, जुना मागवला, कुरियरने आला. नंबर जुळवला होता आम्ही, पण कोणता? स्टिकरवर दोन नंबर असतात, एक हार्डवेअरचा आणि एक आतल्या सॉफ्टवेअरचा. हार्डवेअरचा तंतोतंत सारखा होता. सॉफ्टवेअरचा आमच्या डब्ब्यावर पुसट झालेला, शेवटचे आकडे दिसत नव्हते, म्हणलं जाऊ दे.

बसवला, आणि दुसऱ्या सेल्फला गाडी चालू! पेढे आणायचेच बाकी होते. पण उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवलं की खडखड आणि धूर. उस्ताद म्हणाले आतमध्ये त्या गाडीच्या इंजेक्टरचे कोड आहेत. प्रत्येक इंजेक्टरच्या अंगावर एक कोड असतो, कारखान्यात तपासताना तो किती डिझेल सोडतो त्याचा हिशोब, आणि ईसीएम त्याच्यावरून प्रत्येकाला कमी-जास्त वेळ उघडतो. आमच्या सहाच्या सहा इंजेक्टरचे कोड वाचून स्कॅनरने भरले, तशी खडखड बसली. एक जण म्हणाला लगे हात युरिया (धूर साफ करायची सिस्टीम) पण बंद करून देतो. नको म्हणलं, जेवढं बिघडलं तेवढंच पुरे.

दुसऱ्या दिवशी हिंगणघाटच्या अलीकडून मामाचा फोन. "भाऊ, गाडी साठच्या वर नाही जाऊन रायली."

डिझेल फिल्टर बदलला. टर्बोचा पाइप पाहिला. एअर फिल्टर झटकला. दोन दिवस याच्यातच गेले, मामा जाम गावच्या ढाब्यावर झोपून आणि मी इकडे फोनवर सल्ले देऊन (मला यातलं काय समजते, पण मालक म्हणून द्यावे लागतात). गाडी लोड ओढते, चढाला दम तोडत नाही, फक्त साठला जाऊन गपगार होते. शेवटी उस्तादांनीच पुन्हा स्कॅनर लावला, आत स्पीड लिमिट 60.

ट्रकला सरकारी नियमाने 80 ची मर्यादा, टिप्पर आणि टँकरला 60. तो डब्बा टिप्परचा होता. मामाला सांगितलं तर हसून म्हणतात, "म्हणजे गाडी आपली नं डोकं अजून खदानीतच हाय!"

मग कोणीतरी सांगितलं की आपला जुना डब्बा आहे का? होता, भंगारवाल्याने 1500 लावले होते आणि मी देणारच होतो, फक्त तो त्या दिवशी आला नाही म्हणून दिवाणाखाली पडून होता. इथेच नागपूरला एक जण ईसीएमचं काम करतो, त्याने दोन्ही डब्ब्यांची चिकटवलेली झाकणं गरम करून उघडली. आमच्याचा सप्लायचा भाग जळलेला, पण मेमरी शाबूत. ती वाचून जशीच्या तशी मायापुरीवाल्यात टाकली, इंजिनची सेटिंग, इंजेक्टरचे कोड, 80 ची लिमिट, सगळं. हार्डवेअर नंबर सारखा होता म्हणूनच हे जमलं. दोन-अडीच तास लागले. हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर मामाच्या ढाब्याच्या बिलासकट सगळं वाचलं असतं.

आता कुठेही वेल्डिंग असलं की मामा आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढतात, मग ईसीएमचं सॉकेट, आणि वेल्डरच्या हातातून चिमटा घेऊन तुटलेल्या जागेपासून वीतभर अंतरावर स्वतः लावतात. वेल्डर चिडतो.