अजून एक वर्ष

ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळातील तिसऱ्या रविवारच्या आदल्या रात्री आम्ही पंधरा-वीस जण डोंगरमाथ्यावरील क्रुसाकडे पायी निघालो. या काळाच्या आरंभी, राखेच्या बुधवारी, योएल संदेष्ट्याचे वचन वाचले जाते की वस्त्रे नव्हे, आपली अंतःकरणे फाडा. गेली नऊ वर्षे ते ऐकून, कपाळावर राख घेऊन मी तसाच घरी परतत होतो. आईच्या आजारपणात मी मोठ्या भावावर पैशांचा आळ घेतला होता. तो खोटा असल्याचे वर्षभरातच कळले, तरी मी ना त्याच्याकडे गेलो, ना फादरांपुढे पापनिवेदनाला.

चढणीवर क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या अखेरच्या वाटचालीतील प्रसंगांची, चौदा स्थाने आहेत. त्यांपैकी तिसरे, सातवे आणि नववे येशूच्या पडण्याचे. पडण्याचे हे प्रसंग बायबलमधील चारही शुभवर्तमानांत कोठेच नाहीत; भाविकांच्या परंपरेने ते जपले, आणि मला वाटते, पुन्हा पुन्हा पडणाऱ्यांना त्यांची गरज होती म्हणूनच जपले. नवव्या स्थानी गुडघे टेकले, तेव्हा मला उठवेना.

तेथेच फादरांनी दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान वाचले: लूक, अध्याय 13, अंजिराच्या निष्फळ झाडाचा दाखला. उपासनेतील वाचनांच्या अ-ब-क चक्रातील 'क' वर्षात, म्हणजे दर तीन वर्षांनी, या रविवारी तो येतो. मळ्याचा धनीही तीन वर्षे फळ शोधत आला होता. झाड तोडायला निघालेल्या धन्याकडे माळी आणखी एक वर्ष मागतो, एवढेच मी आजवर लक्षात ठेवले होते आणि देवाची दया म्हणजे वाढत जाणारी मुदत, असा सोयीचा अर्थ लावला होता. त्या रात्री पुढचे शब्द कानी पडले. मुदत मागून माळी स्वस्थ बसणार नसतो. झाडाभोवती खणीन, खत घालीन, असे तो सांगतो. नऊ वर्षे अपरात्री जागे करणारी ती टोचणी म्हणजे माझ्या मुळाशी चाललेली त्याची कुदळ होती, आणि मी तिला शिक्षा समजत आलो होतो.

माथ्यावर पोहोचल्यावर मी पापनिवेदन केले. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून पश्चात्तापाचे स्तोत्र 51 म्हणायला सांगितले आणि भावाकडे केव्हा जाणार, एवढेच विचारले.

उतरताना स्थाने उलट्या क्रमाने येत गेली. नवव्या स्थानापाशी उजाडले. दादाचा नंबर मी फोनमधून केव्हाच काढून टाकला होता. पण तो मला अजून पाठ होता.