पहिलं पाणी

नमुना घेण्याआधी नळ दोन-तीन मिनिटं सोडून ठेवायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तोंडाशी साचलेलं पाणी निघून जाऊ द्यायचं, तोटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, मग बाटली भरायची. तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत अकरा वर्षं हेच करत आले. एका पावसाळ्यात याच नियमाने मला तोंडघशी पाडलं.

जुलैचा पहिला आठवडा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातून फोन आला. एका गावात चार दिवसांत एकोणीस जणांना जुलाब-उलट्या, आणि सगळे एकाच आळीतले. विहीर बिघडली तर गावात कुठेही माणसं आजारी पडतात. एकच आळी आडवी झाली तर बहुतेक घोटाळा पाइपात असतो. हे कळत असूनही पुढे जे व्हायचं ते झालंच.

आम्ही पोचलो अकराला. गावात पाणी सकाळी सहा ते सात. पण मॅडम आल्यात म्हणून पाणी सोडणाऱ्याने आमच्यासाठी व्हॉल्व्ह पुन्हा फिरवला. टाकीवर चढले तर टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, वासाने डोळे चुरचुरले. तपासणीला कुणी येणार म्हटलं की गावोगाव टीसीएलचा हात सढळ होतो, त्यात नवल नाही. पाण्यात क्लोरिन किती उरलंय ते दाखवणाऱ्या ओटी टेस्टला फिकट पिवळा रंग आला तरी पुरतो; इथे नळीतलं पाणी जवळजवळ केशरी झालं. विहीर, टाकी आणि आळीतले तीन नळ असे पाच नमुने घेतले. नळ नियमाप्रमाणे आधी सोडून ठेवले. आमच्या बाटल्यांत सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, म्हणजे बाटलीत क्लोरिन उरत नाही आणि वाटेत जंतू मरत नाहीत. बर्फाच्या पेटीतून दुपारी दोनच्या आत सगळं प्रयोगशाळेत आणलं. कामात कसूर नव्हती.

अठ्ठेचाळीस तासांनी जंतू वाढतात का ते बघायला लावलेल्या नळ्या काढल्या. सगळ्या जांभळ्याच्या जांभळ्या; जंतू असते तर पिवळ्या झाल्या असत्या. पिण्यास योग्य.

त्याच दिवशी आळीत पाच नवे रुग्ण. सरपंचांनी अहवाल वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "मॅडम, पाणी तर चांगलंय. मग लग्नाच्या जेवणातनं झालं असंल." माझा मात्र जीव वरच राहिला. लग्नात तर अख्खं गाव जेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आरोग्यसेवकांच्या मोटारसायकलवर मागे बसून पहाटे साडेपाचला पुन्हा आळीत गेले. टोकाच्या घरी एक आजी पायरीवर बसून पाण्याची वाट बघत होत्या. शेजारी गुडघाभर खोल खड्डा, दगडांनी बांधलेला, आणि त्याच्या तळाशी पाइपचं तोंड. तोटी नाही. चिंधीचा बोळा कोंबलेला. खड्ड्यात कालचं पाणी, वर साबणाचा फेस, कांद्याची साल.

"आजी, नळ वर का नाही घेतला?"

"वर थेंब येत न्हाई. वरच्या आळीला समद्यांच्या मोटारी हायत."

नळाला थेट टिल्लू मोटर जोडायला बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. ती कुणाकुणाच्या घरात आहे, हेही सगळ्यांना माहीत असतं. वरच्यांनी मोटारी लावल्या म्हणून खालच्यांनी खड्डे खणले. असे खड्डे त्या आळीत मी सात मोजले.

सहाला पाणी आलं. बोळा काढल्याबरोबर पाइप फुरफुरला आणि गढूळ धार आली. आजींनी हंडा बाजूला सरकवला, जुनी प्लास्टिकची बादली पुढे घेतली.

"पैलं पाणी म्हशीला. वास येतो त्याला. बादलीभर गेलं की मग प्यायचं."

मी तशीच उभी राहिले. आजींची बादली म्हणजे माझी दोन मिनिटं होती. जे पाणी तपासायला हवं होतं, ते मी नियमाने गटारात सोडत होते. आजींच्या घरात कुणी आजारी नव्हतं. समोरच्या घरात तिघं होती. तिथे पाणी जेमतेम दहा मिनिटं टिकायचं. दहा मिनिटांत चार हंडे भरायचे असले की पहिली बादली म्हशीला घालायची चैन परवडत नाही.

मी समोरच्या घरातल्या पहिल्या धारेची एक बाटली भरली, दोन मिनिटांनी त्याच नळाची दुसरी. ओटीचे थेंब टाकले. दुसऱ्या बाटलीच्या पाण्याला पिवळा रंग आला. पहिलीचं पाणी होतं तसंच राहिलं. क्लोरिन प्रति लिटर किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवं. तिथे ते नावालाही नव्हतं.

सातला पाणी बंद व्हायची वेळ झाली तशी आजींनी मला हाक मारली. "हिकडं बस पोरी, गंमत बघ." धार बारीक झाली, थांबली. खड्डा तोपर्यंत पाइपच्या तोंडाच्या वरपर्यंत भरला होता. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाइपच्या तोंडाशी एक छोटा भोवरा धरला, कांद्याची साल गरगरत आली, तोंडाला चिकटली, आणि खड्ड्यातलं पाणी सुळ्ळकन आत गेलं.

"बघ, आता पायपच पानी पितोय."

लाइन रिकामी होताना आत पोकळी तयार होते, आणि ती मिळेल तिथून पाणी ओढते. हे मी प्रशिक्षणात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी.

प्रयोगशाळेत पहिल्या बाटलीच्या नळ्या दुसऱ्या सकाळीच पिवळ्या झाल्या होत्या. आतल्या उलट्या ठेवलेल्या बारीक नळीत वायूचा बुडबुडा. पुढे 44 अंशांवर ठेवून तपासलं, ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, निघाले. 100 मिलिलिटरमध्ये एकही नसावा असं मानक सांगतं. दुसरी बाटली स्वच्छ. गावात न्यायला म्हणून एचटूएसची, म्हणजे दूषित पाण्याने काळी पडणारी, छोटी बाटलीही लावली होती. ती शाईसारखी काळी झाली. आकडे सांगून लोक हलत नाहीत, काळी बाटली दाखवली की हलतात.

सरपंचांनी ती हातात घेऊन विचारलं, "मग आधीचा रिपोर्ट खोटा होता?"

"नाही. तोही खराच होता."

त्यांना ते पटलं नाही.

घरोघरी क्लोरिनचे थेंब वाटले, आशाताईंनी पहिली बादली ओतून द्यायला सांगितलं, लाइन धुतली, सात खड्डे बुजवून नळ वर घेतले. मोटारीही निघाल्या. रुग्ण थांबले. दिवाळीत त्या बाजूला गेले तेव्हा वरच्या आळीत दोन मोटारींचा आवाज येत होता. खालच्या आळीत एक खड्डा पुन्हा खणलेला होता.

तेव्हापासून साथ असली की मी एका नळाच्या दोन बाटल्या घेते, आणि एकीवर "पहिलं पाणी" लिहिते. परवा अहवाल संगणकात भरणाऱ्या ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, नळ एकच, वेळ एकच. एक नमुना योग्य, एक अयोग्य. ऑनलाइन कुठला भरू?"

मी म्हटलं, दोन्ही.

"रकाना एकच आहे," तो म्हणाला.