डाळ लवकर शिजणारं पाणी

काकांच्या मानेचं ऑपरेशन नागपूरला झालं. मणक्यांना धरून ठेवणारी लिगामेंटं हाड बनून मज्जारज्जूवर दाब देत होती. पाय ताठ, शर्टाचं बटण लावता येईना. हाताच्या एक्स-रेत दोन हाडांमधला पडदाही हाड झालेला दिसला आणि कारण कळलं. फ्लोरोसिस, म्हणजे पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात जाऊन होणारा हाडांचा आजार. सर्जननं मागच्या बाजूचं हाड काढून मज्जारज्जूला जागा करून दिली. मी फिजिओथेरपिस्ट, केळापूर तालुक्यातल्या त्यांच्या घरी तोलाचे व्यायाम शिकवायला गेले होते.

"म्याडम, हाड पुन्हा वाढू नये म्हून गोळी नाही का?" मुलानं विचारलं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर नको तिथे हाड वाढू नये म्हणून इंडोमेथासिन नावाची गोळी देतात, कधी रेडिएशनचा एखादा डोसही. पण इथे हाड वाढवणारी वस्तू रोज पोटात जाते आणि शोषलेल्यापैकी जवळपास निम्मी हाडात जाऊन बसते. तिथे गोळी काय करणार?

"बोरिंगचं पाणी बंद केलं ना?"

"कवाचंच!" काकू म्हणाल्या. "त्याले लाल रंग मारला हाये. पियाले इहिरीचंच आणतो."

काका भिंतीला धरून एका पायावर उभे होते, तेवढ्यात नात बोरिंगवरून गुंड भरून आली. काकूंनी ते पाणी सरळ डाळीत ओतलं.

"काकू, हे काय?"

"इहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजतच नाही, म्याडम. याच्यात लवकर शिजते."

काकूंचं निरीक्षण अगदी बरोबर होतं! फ्लोराइडच्या पाण्यात बहुधा कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश जास्त असतो, म्हणून डाळ मऊ होते. कॅल्शियम कमी असतं म्हणूनच फ्लोराइड त्यात विरघळून राहतं. लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५, ही आपल्याकडची मर्यादा. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की आणखी दाट होतं. म्हणजे वरण, भात, शिवाय दिवसभराचा कोरा चहा. चहापत्तीत मुळातच फ्लोराइड असतं, ते वेगळंच.

डाळ रात्री विहिरीच्या पाण्यात भिजवा, चिमूटभर खायचा सोडा घाला, कुकर लावा, असं सांगितलं. सोड्यानं वरणाची चव जाते, हे काकूंनी मला लगेच ऐकवलं. तडजोड कुकरवर झाली.

"अन् वावरातलं?" काका मधेच बोलले. कापूस वेचताना सगळे मोटारीचंच पाणी पीत होते. ते कोणी तपासलंच नव्हतं. त्याची एक बाटली भरून ग्रामपंचायतीत तपासायला द्या, असं मुलाला सांगून मी राहिलेला व्यायाम पुरा करून घेतला.